जावयाचं वजन

आमच्या मालकांचं, म्हणजे माह्या नवऱ्याचं, वजन एकशे बत्तीस किलो व्हतं. लपवायचं काय त्याच्यात, सगळ्या तीर्थपुरीला ठाऊक हाय. बसस्टँडासमोर आमचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, चार बाकडे, एक भज्याची कढई आन् चहाचा गॅस. मच्छिंद्र गल्ल्यावर बसला की गल्ला दिसत न्हाई, असं गिऱ्हाइकं म्हणायचे आन् मालक त्यायच्यासंगंच हसायचे. मला राग यायचा. मी म्हणायचे, "आवो, लोक तुमच्यावर हसून राह्यले, तुम्हाला समजतं का न्हाई?" ते म्हणायचे, "हसतेत तं एक प्लेट जास्त खातेत. तुहं काय जातं?" अशा माणसाशी भांडून उपयोग न्हाई, तरी मी रोज भांडायचे.

मला राग जल्दीच येतो. महं माहेर धावड्याचं, भोकरदन तालुक्यातलं, तिकडं मिरची लई. मही माय म्हणती, "रूपी पोटात व्हती तवा मी दिवसभर मिरची तोडायचे, त्याचा हा गुण."

आता मुद्द्याचं सांगते. आमची प्रिया, शाळेच्या दाखल्यावर प्रियदर्शनी, हिला थॅलेसेमिया. तिच्या अंगात रक्तच धड तयार व्हत न्हाई. सहा महिन्यांची असताना कळलं. तवापासून दर तिसऱ्या बुधवारी तिला जालन्याला न्यायचं, रक्ताची पिशवी चढवायची आन् संध्याकाळच्या एस्टीनं परत यायचं. रक्त चढलं की आठ-दहा दिवस पोरगी चिमणीवाणी उडती. मंग हळूहळू ओठ पांढरे पडायला लागतेत, शाळेतून येताना दप्तर माह्याकडं देती, आन् आम्ही समजतो, आला बुधवार जवळ.

आत्याबाई, म्हणजे मही सासू गोजरबाई, पहिल्यांदा म्हणल्या, "हे सुनेच्या माहेरचं आलं. आमच्या घराण्यात असलं काही न्हाई." मंग डॉक्टरांनी मालकांचं बी रक्त तपासलं. निम्मा दोष त्यायच्यात निघाला, निम्मा माह्यात. आम्हा दोघांना त्याचा काही तरास न्हाई, पण दोन्हीकडचं मिळून लेकराच्या वाट्याला आलं. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या न्हाईत. मला लई बोलायचं व्हतं, शब्द तोंडावर आल्ते, पण त्यायचं तोंड पाह्यलं आन् मी गप बसले. ज्याचं दुखणं त्यालाच कळतं.

तिच्या पाठचा आर्यन. देवाची कृपा, तो धडधाकट निघाला. डॉक्टर म्हणले, "भावाच्या पेशी बहिणीला चालल्या तर तिचं रक्त तिच्याच अंगात तयार होईल. मग पिशवीची गरज नाही." आर्यनचं तपासलं तं पूर्णच्या पूर्ण जुळलं. मी दवाखान्याच्या जिन्यातच खाली बसले.

खर्चा ऐकला आन् पुन्हा खाली बसायची वेळ आली. सरकारी योजना आन् एका ट्रस्टनं मोठा भार उचलला, पण तीन लाख आपले आपण भरायचे. ऑगस्टच्या शेवटी भरती व्हायचं, त्याच्या आधी पैसे जमा पाहिजेत, न्हाई तं नंबर दुसऱ्या लेकराला जाणार आन् आपण पुन्हा रांगेच्या शेपटाला.

आन् इथं आमच्या मालकांचा स्वभाव आडवा आला. दुसऱ्याला उधार चहा पाजतील, पण सोता कुणाचा रुपया घेणार न्हाईत. शाळेतल्या गुरुजींनी प्रियासाठी वर्गणीचा डबा फिरवला, मालक तो भरलेला डबा तसाच्या तसा परत देऊन आले. मला म्हणले, "रूपाली, उद्या पोरगी मोठी व्हईल, गावातून चालंल, तवा जो तो म्हणंल, ही आमच्या पैशावर जगली." म्या म्हणलं, "आधी जगली तं पाह्यजे." मालक उठले आन् भज्याचं पीठ कालवायला लागले. असा माणूस. इकडं तारीख जवळ येऊन राह्यली आन् तिकडं ह्यायचा मान.

राधेश्याम शेठ म्हणून मोंढ्यात अडत दुकानवाले हायेत. रोज सकाळी आमच्याकडं एक प्लेट भजे खातेत आन् 'तेल जास्त झालं' म्हणतेत. त्यांनी मालकांना दोन वेळा पैसे देऊन पाह्यले व्हते, दोन्ही वेळा परत गेले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेठ भज्याची प्लेट बाजूला सरकवून म्हणले, "मच्छिंद्र, फुकट घेणार नाहीस ना? मग कमव. अंगावरचा एक किलो उतरव, दहा हजार घे. मी एकटा नाही, मोंढ्यातले आम्ही दहा-बारा जण मिळून देतो. आम्ही तूर घेतो वजनावर, कापूस घेतो वजनावर. तुझं वजन आम्ही विकत घेतलं असं समज."

बाकड्यावरचे सगळे हसले. मालक हसले न्हाईत. हातातला झारा तसाच धरून म्हणले, "तीस किलो उतरवले तं?"

"तर तीन लाख. काटा माझ्या दुकानातला. उद्या पहिलं वजन, धोंड्याचा महिना सरला की शेवटचं. मधे कुणाची मेहेरबानी नाही."

त्या साली दोन श्रावण आल्ते, पहिला धोंड्याचा. तो सरला की पंधरा दिवसांत दवाखान्याची तारीख. बराबर बसत व्हतं.

दुसऱ्या दिवशी मालक शेठच्या काट्यावर चढले. हमालांनी पोती टाकायचं थांबवलं आन् सगळे भोवती उभे. मापाडी सवयीनं म्हणला, "शेठ, पोत्याचा बारदाना वजा करायचा का?" शेठ म्हणले, "शर्ट-पँट वजा कर." एकशे बत्तीस. कुणीतरी टाळी वाजवली. मी तिथंच ठरवलं, ह्या माणसाच्या तोंडात आता भजं गेलं तं महं नाव रूपाली न्हाई.

सांगायला सोपं हाय. दिवसभर कढईपुढं उभं राहायचं, हजार भजे तळायचे, आन् सोता काकडी खायची. पहिल्या आठवड्यात माणूस इतका चिडका झाला की गिऱ्हाइकाला पाव मोजून द्यायला लागला. सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी काय खायचं ते सांगितलं, उपाशी मरू नका म्हणल्या. मी तोलून मापून वाढायचे. पहाटं उठून मालक उसाच्या मळ्यापर्यंत पायी जायचे, पहिल्यांदा धापा टाकत, कुत्रे मागं लागायचे. नंतर नंतर कुत्रेच थकले.

खरा तरास आत्याबाईंचा. लेक वाळून चालला हे त्यायच्यानं पाहवंना. नातीसाठी चाललंय हे ठाऊक, नातीवर जीव, तरी हात राहत न्हाई. एकदा मी वरणाची वाटी मालकांच्या पुढून घेतली आन् बोट घालून पाह्यलं तं वरणाखाली दोन बोटं तूप. म्या म्हणलं, "आत्याबाई, हे काय?" म्हणल्या, "मला काय माहीत, डाळच तशी असंल." डाळीतून तूप निघायला लागलं तं मंग म्हशी कशाला पाळायच्या? त्या दिवसापासून वाढायचं काम माह्याकडं आन् त्यायच्याकडं फक्त भाजी निवडायचं.

पण उतरलं हो वजन. उन्हाळ्यात पँटीला नाडा बांधायची वेळ आली. शुगर खाली आली, पायाची सूज गेली. गल्ल्यावर बसले तं गल्ला दिसायला लागला. आषाढ सरला तवा सव्वीस किलो उतरल्ते, चारच राह्यले व्हते. अन् तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला आन् मह्या माहेरचा फोन आला.

तीन वर्षांनी हा जास्तीचा महिना येतो, त्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून खाऊ घालायचे, जावयाला दान द्यायचं. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता नारायण. माय फोनवर म्हणली, "पाव्हण्यायला घेऊन ये. पुरण घालते."

म्या म्हणलं, "माय, यंदा राहू दे. हॉटेल बंद ठेवता येत न्हाई."

"पुढच्या धोंड्याला मी असंन का नसंन."

मही माय हे मी परकर नेसत व्हते तवापासून म्हणती. पण मालक बाजूला उभे व्हते, त्यांनी ऐकलं. म्हणले, "सासुरवाडीचा मान मोडायचा न्हाई. दोन दिवस जाऊन येऊ." आत्याबाईंनी बी तेच म्हणलं, न्हाई गेलं तं लोक म्हणतील सोयऱ्यात बिनसलं. म्या इचारलं, "आन् वजन?" म्हणले, "मी थोडंच खाईन." हे वाक्य म्या गाठ बांधून ठेवायला पाह्यजे व्हतं.

एक गोष्ट राह्यली. मह्या माहेरी ह्या शर्यतीचं काही ठाऊक नव्हतं. प्रियाचं ऑपरेशन व्हणार एवढं सांगितलं व्हतं, आन् पैशाचं झालं म्हणून सांगितलं व्हतं. मालकांनी मला शपथ घातल्ती. "सासऱ्यापुढं हात पसरायचा न्हाई, पसरल्यासारखं दिसायचं बी न्हाई." तीर्थपुरी कुठं, धावडा कुठं, जिल्ह्याचे दोन टोकं. कोण सांगायला जातंय?

लेकरं आत्याबाईपाशी ठेवून आम्ही गेलो. मायनं दारात भाकरतुकडा ओवाळायला हात वर केला आन् तो तसाच राह्यला. वाढवून सांगत न्हाई, तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "आगं रूपे, काय केलंस माह्या जावयाचं? उपाशी ठेवतीस का ह्यायला?" माह्या बापाचं नाव कचरू, आम्ही आबा म्हणतो. आबा नुसते मालकांच्या पँटीच्या नाड्याकडं पाहत राह्यले.

तासाभरात गल्लीत बातमी. रूपीचा नवरा अर्धा झाला. एक म्हणे शुगर, एक म्हणे लिव्हर. शेजारच्या वंदनाकाकू म्हणल्या, रूपीच्या तोंडामुळं त्याला अन्न अंगी लागत न्हाई. हे मला त्यायच्या सुनेनं सांगितलं, म्हणून कळलं. आन् सगळ्यांनी मिळून इलाज एकच काढला, जावयाला खाऊ घाला. धावड्यात एका घरचा जावई म्हणजे अख्ख्या गल्लीचा जावई. पहिलं जेवण आमच्या घरी, रात्रीचं मोठ्या चुलत्याकडं, सकाळचं भावकीतल्या धर्मराजदादाकडं, दुपारी आणखी एक घर, संध्याकाळी वंदनाकाकूकडं. बायका दिवसभर मिरची तोडून यायच्या आन् आल्या आल्या पुरण वाटायच्या. आमच्या जावयासाठी. मला त्यायच्यावर राग काढता येईना आन् गिळता बी येईना.

मालकांचं तं इचारूच नका. पहिल्या ताटाला 'एकच, एकच' म्हणले. मायनं चार वाढले. नारायणाला एक वाढतेत का? दुसऱ्या घरी पाच. दिवस उलटंना तोवर माह्या डोळ्यांपुढं शेठचा काटा फिरायला लागला. सात महिने ज्या माणसाला मी काकडीवर ठेवलं, तो दोन दिवसांत पुरणात बुडाला. खुणा केल्या, पाय दाबला, डोळे वटारले. ते माह्याकडं पाहायचे आन् घास घ्यायचे.

वंदनाकाकूकडचं ताट आलं तवा सगळी भावकी ओसरीत बसल्ती. आबा, संपतकाका, धर्मराजदादा, दाराआड बायका. ताटात सहा धोंडे. काकूंनी तुपाची वाटी त्याच्यावर उपडी केली. मालकांनी माह्याकडं पाह्यलं. भरल्या ताटावर बसलेला माणूस इतका केविलवाणा म्या जल्मात पाह्यला न्हाई.

मी उठले आन् त्यायच्या पुढचं ताट उचललं.

जावयाच्या पुढचं ताट. धोंड्यात. माय आतून म्हणली, "रूपे, येड लागलं का?" म्या म्हणलं, "हां, लागलं." आन् मंग माह्या तोंडाला धरबंध राह्यला न्हाई. शपथ गेली उडत. शेठ सांगितले, काटा सांगितला, किलोचा भाव सांगितला, दवाखान्याची तारीख सांगितली. म्या म्हणलं, "काकू, तुम्ही मायेनं वाढता, मला समजतं. पण तुम्ही ह्यायला जे वाढून राह्यल्या ते मह्या प्रियाच्या तोंडचं हाय. दोन दिवसांत दोन-तीन किलो परत चढले असतील. ते कुठून आणू मी? ती पोरगी आठ वर्षं दुसऱ्याच्या रक्तावर हाय. तिचे ओठ पांढरे पडतेत तवा मला झोप न्हाई येत. आन् तुम्ही तूप ओतून राह्यल्या." एवढं बोलले आन् ताट हातात घेऊन रडायला लागले. ताट ठेवायचं बी सुचंना.

संपतकाका हळूच म्हणले, "पाव्हणे, मंग तुम्ही न्हाई म्हणायचं ना."

मालक खाली पाहून म्हणले, "धोंड्याचं ताट कसं लोटणार? हे दान असतं. देणाऱ्याचं पुण्य असतं त्याच्यात. घेणाऱ्यानं न्हाई म्हणलं तं देणाऱ्याचा अपमान व्हतो."

आबांनी तवा पहिल्यांदा तोंड उघडलं. "आन् पैशाचं झालं म्हणून काहून सांगितलं आम्हाला?"

"मामा, हात पसरून घेतलेल्या पैशावर पोरगी वाढवायची न्हाई मला. मी कमवून राह्यलो."

आबा उठले, पायताण घातलं आन् निघून गेले. आबा रागावले म्हणजे आठ-आठ दिवस बोलत न्हाईत. इकडून बी गेलं, तिकडून बी गेलं, असं झालं मला. वंदनाकाकूंनी माह्या हातातलं ताट घेतलं आन् मला पाणी दिलं. मंग बिचाऱ्या तुपाची रिकामी वाटी धरून उभ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं व्हतं. त्याच्या आधी दान द्यायची रीत. मायनं पाट मांडला, रांगोळी काढली. मालक टोपी घालून बसले. मायनं त्यायचे पाय धुतले, कुंकू लावलं, तांब्याच्या ताटात अनारसे घातले, तेहतीस, रिवाजाप्रमाणं, आन् वर दिवा ठेवला. अनारसे घरी जाऊन आत्याबाईला देऊन टाकीन, असा हिशेब मी मनात लावला. तेवढ्यात आबा आले. संगं संपतकाका, धर्मराजदादा, मोठे चुलते आन् मागं गल्लीतल्या बाया.

आबांनी कोपरीच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली न्हाई, तशीच अनारशांशेजारी ठेवली. मालकांनी वर पाह्यलं आन् पाटावरून उठायला लागले. आबांनी त्यायच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा."

"मामा, हे न्हाई चालायचं."

"काल तुम्हीच म्हणले ना, धोंड्याचं दान लोटता येत न्हाई? देणाऱ्याचा अपमान व्हतो म्हणले. आम्ही तुम्हाला मदत करून राह्यलो न्हाई, तेवढी आमची ऐपत न्हाई. आम्ही नारायणाला दान करून राह्यलो. नारायणानं कधी न्हाई म्हणल्याचं म्या तरी ऐकलं न्हाई."

मालक उठता उठता अर्धे राह्यले. ना धड उभे, ना धड बसलेले. मंग बसले. संपतकाकांनी ठेवलं, धर्मराजदादानं ठेवलं. वंदनाकाकूंनी त्या आठवड्याच्या मिरचीच्या पट्टीचे पैसे, बाजारातून आले तसेच, पदराच्या गाठीतून सोडून ठेवले आन् जावयाच्या पाया पडल्या. वयानं त्या ह्यायच्या मायच्या जागी. मालक पाटावर मांडी घालून बसलेले आन् गालावरून पाणी वाहून राह्यलं, पुसायची सोय न्हाई, कारण दोन्ही हातात ताट धरलेलं. खरं सांगते, लग्नाला दहा वर्षं झाली व्हती, पण हा माणूस मला त्या दिवशी जसा आवडला तसा आधी कधी आवडला न्हाई.

परत येताना एस्टीनं भोकरदन मागं टाकलं तवा मालक म्हणले, "तुह्या बापानं मला बराबर पकडलं."

म्या म्हणलं, "तुम्हीच पकडून दिलं सोताला."

"वजन मात्र मी उतरवीन. शेठचं शेठला."

"उतरवा ना. कुणी अडवलं? काकडी हायेच घरात."

अमावस्या झाली, महिना सरला आन् शेठच्या दुकानात शेवटचं वजन झालं. मोंढ्यात इतकी गर्दी तुरीच्या सीझनला बी नसती. धोंड्याचं चढलेलं सगळं उतरलं, वर आणखी दोन किलो. काटा थांबला एकशे चारवर. अठ्ठावीस उतरले, तीसला दोन कमी. हमाल एकमेकांकडं पाहायला लागले. शेठ म्हणले, "तीस धरू. काट्याला थोडं इकडं तिकडं असतंच."

मालक म्हणले, "न्हाई शेठ. काटा बरोबर हाय. अठ्ठावीस."

मी मागून त्यायच्या दंडाला असा चिमटा काढला की नंतर निळा डाग पडला. तरी अठ्ठावीसच. माणूस बदलतो, पण एका महिन्यात किती बदलंल? दोन किलोचं धावड्यानं भरलं, वर दवाखान्यापाशी राहायच्या खोलीचं भाडं बी निघालं. तारखेच्या आधी पैसे जमा झाले. पावती हातात आली तवा मालक दवाखान्याच्या दारात उभे राहून मला म्हणले, "झालं गं." एवढंच. म्या म्हणलं, "झालं." आन् आम्ही दोघांनी कँटीनमधी जाऊन एक-एक चहा घेतला, साखरेचा.

दवाखान्यातले दिवस मी सांगणार न्हाई. काचेआड पोरगी, तोंडाला फोड, डोक्यावर केस न्हाई, आन् बाहेर आम्ही. आर्यनला कंबरेत सुई टोचली तवा तो रडला, नंतर आइस्क्रीम मिळालं म्हणून पुन्हा कधी टोचणार म्हणून इचारायला लागला. ते सगळं गेलं. नव्या पेशींनी धरलं, आकडे वर चढले, डॉक्टरांनी हळूहळू पिशवी बंद केली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तीर्थपुरीला परत आलो. गोळ्या, तपासण्या हायेत अजून, पण रक्त न्हाई.

परवाची गोष्ट. मी चुलीपुढं भाकरी थापून राह्यले व्हते आन् अंगणात दोघांचं जुंपलं. आर्यननं तिला चिडवलं, "महं रक्त हाय तुह्यात, दे परत." प्रियानं त्याला पाडलं, छातीवर बसली आन् मुठीत केस धरून वढायला लागली. तो बोंबलतोय, ती सोडंना. माह्या डोक्याची शीर उठली. मी पिठाच्या हातानं तशीच बाहेर गेले, तिचं बखोट धरलं आन् पाठीत एक ठेवून दिली. "कार्टे, मारून टाकतीस का भावाला? अक्कल हाय का न्हाई?" गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला असंल.

आन् मंग मीच थांबले.

ह्या पोरीला मी आजवर एक शब्द मोठ्यानं बोलले नव्हते. साऱ्या जगावर ओरडले, नवऱ्यावर, सासूवर, शेठवर, पण प्रियापुढं तोंड उघडायच्या आधी मी तिचे ओठ पाहायचे. पांढरे दिसले की आलेला राग तसाच गिळायचे. लेकराच्या अंगात रक्त किती हाय ते पाहून रागवायचं, अशी सवय लागल्ती. परवा पाह्यलं न्हाई. सरळ एक ठेवून दिली, जशी कुणी बी माय ठेवून देती. आन् त्याच घडीला ध्यानात आलं, आज बुधवार हाय. मागचे किती बुधवार आले अन् गेले, कुणाला आठवणच न्हाई.

आवाज ऐकून मालक हॉटेलातून धावत आले. आता धावता येतं त्यायला. "काय झालं? काय झालं पोरीला?"

म्या म्हणलं, "काही न्हाई झालं. मी तिला मारलं."

त्यांनी एकदा तिच्याकडं पाह्यलं, एकदा माह्या पिठाच्या हाताकडं. मंग पायरीवर बसले आन् म्हणले, "बराबर केलं." म्हणता म्हणता हसायला लागले आन् मला बी आवरंना, मी त्यायच्याशेजारी बसले. आतून करपल्याचा वास येत व्हता, आत्याबाई "भाकर गेली, भाकर गेली" करत व्हत्या. प्रिया लालभडक तोंडानं रडत व्हती आन् आर्यनला म्हणत व्हती, "पाह्य, मला मारलं आन् दोघं हसून राह्यलेत."